रिव्हॉल्व्हरवरची घासलेली अक्षरं

पोलीस घरी येणार म्हटल्यावर कुणी घाबरतं, कुणी मागच्या दाराने सटकतं. चामटोलीचे शंकरराव भोईर दाढी करायला बसले. वय ऐंशीच्या पुढे, हात थरथरणारा, पण त्या सकाळी त्यांनी गालावर एक खुंट शिल्लक ठेवला नाही. मग सुनेला हाक मारून पिशवी भरायला सांगितली: टॉवेल, लुंग्या, बीपीच्या गोळ्या आणि सुकटीची चटणी.

"चटणी कशाला, मामंजी?" वेणूने विचारलं.

"जेलातला जेवान अलनी आसतं. बाबा सांगायचे."

त्यांचे बाबा, म्हणजे गोमाजी भोईर, जन्मात कधी तुरुंगात गेले नव्हते. पण हे शंकररावांना ऐकवण्याच्या भानगडीत चामटोलीत कुणी पडत नसे, आणि वेणू तर नाहीच नाही. तिने मुकाट्याने चटणीची बरणी पिशवीत ठेवली आणि झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं.

सगळं घडलं ते दसऱ्याच्या फोटोमुळे. भोईरांच्या घरात दसऱ्याला कोयता, फावडं, भाड्याने फिरणारा ट्रॅक्टर यांच्या पंक्तीला एक रिव्हॉल्व्हरही पूजेला बसायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आज जिथे उल्हासनगर आहे तिथे गोऱ्या सोजिरांची छावणी होती. त्या छावणीत गोमाजींनी एका साहेबाच्या हातातून ते हिसकावून आणलं, अशी घराण्याची कथा. शंकरराव ती बारशाला सांगत, लग्नात सांगत, दहाव्यालाही सांगत. एकदा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सोफा घ्यायला गेले, तर सिंधी दुकानदाराला म्हणाले, "तुमचा गल्ला हाय ना, बरोबर तिथं साहेब उभा होता." दुकानदाराने हात जोडले, चहा मागवला, भाव मात्र काही कमी केला नाही.

यंदा नातवाने नवा फोन घेऊन दिला आणि म्हाताऱ्याला पंख फुटले. कपाळाला टिळा, हातात रिव्हॉल्व्हर, नळीत झेंडूचं फूल, असा स्वतःचा फोटो त्यांनी गावाच्या ग्रुपवर टाकला, खाली शुभेच्छा. तो या फोनातून त्या फोनात फिरत बदलापूरच्या पोलिसांपर्यंत पोचला. पोलीस ठाण्यातून फोन आला तो वेणूच्या नवऱ्याने, बाळाने उचलला. बाळा अंगापिंडाने पैलवान, पण खाकीचं नाव निघालं की तो आडोसा शोधतो. "प्लॅस्टिकचा हाय साहेब तो," असं तो बोलून बसला. पलंगावर बसलेल्या शंकररावांनी ते ऐकलं. तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद.

"प्लॅस्टिक!" ते वेणूला म्हणाले. "येऊ दे त्यांना. मी सांगतो. खरा हाय, माझा हाय, लायसन नाय. घाला बेड्या."

बापाला जमलं नाही ते आपल्याला जमणार, आपण देशासाठी तुरुंगात जाणार, या कल्पनेने म्हातारा टुणटुणीत झाला होता. देश कधीचा स्वतंत्र झाला, मग आता नेमकं कुणाविरुद्ध तुरुंगात जायचं, हा प्रश्न काही त्यांना पडला नव्हता. वेणूला मात्र दुसराच प्रश्न पडला होता. साखर, बीपी, एका कानाने ऐकू येत नाही, असा माणूस कोठडीच्या फरशीवर झोपणार कसा? त्याला वाचवणारी गोष्ट त्या घरात एकट्या वेणूला माहीत होती. ती सांगितली की मामंजी सुटणार होते. पण मग त्यांच्याजवळ उरणार काय होतं?

गोष्ट अशी. वेणू लग्न होऊन या घरात आली, तेव्हा पहिल्याच दसऱ्याला सासूने, बनूबाईने, तिला मोरीजवळ बसवलं, हातात नारळाची शेंडी दिली, राखेची वाटी पुढे सरकवली आणि रिव्हॉल्व्हर तिच्या मांडीवर ठेवलं.

"नलीवर अक्षरा हायेत ना, तिथं जोर लाव," बनूबाई म्हणाली. "वाचू नको. घास."

दहावी पास झालेल्या मुलीला वाचू नको म्हटलं तर ती दुसरं काय करणार? अक्षरं इंग्रजी होती, निम्मीशिम्मी झिजलेली, पण तिने ती जुळवली आणि अर्थ विचारला. बनूबाईने आधी डोळे वटारले, मग इकडेतिकडे बघून सांगून टाकलं. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती. पण फार पूर्वी गावच्या शाळामास्तरांनी पूजेच्या वेळी ती नळी डोळ्यांशी नेली आणि त्यांना ठसकाच लागला. बनूबाईने त्यांना मागल्या दारी गाठून खरं काय ते काढून घेतलं. मास्तर म्हणाले, हे लढाईचं हत्यार नव्हे. धावण्याची शर्यत सोडताना हवेत बार काढतात, त्यासाठीचं आहे. यातून गोळी सुटत नाही, नुसता आवाज निघतो. शर्यतीला कसे बसतात, तेही मास्तरांनी तिला अंगणात करून दाखवलं. बनूबाईने त्यांना देवाची शपथ घालून गप्प केलं आणि पुढच्या दसऱ्यापासून ती अक्षरं घासायला घेतली. धातू चिवट होता. एका जन्मात काम उरकेना, म्हणून सून हाताशी आल्यावर उरलेलं तिच्याकडे सोपवलं.

"ह्यांना कलू द्यायचा नाय," तिने वेणूला बजावलं होतं. "शेत गेला, बैल गेलं, भावकी तोंड बघत नाय. ही एक गोष्ट हाय त्यांच्याकडं."

बनूबाई गेली, पण वेणूने एकही दसरा चुकवला नाही. तिच्या मुलीच्या, जिज्ञासाच्या, शाळेत खेळांच्या दिवशी सरांनी तसलंच रिव्हॉल्व्हर वर करून बार काढला, तेव्हा सगळ्या आया पोरींच्या नावाने ओरडत होत्या आणि वेणू सरांच्या हाताकडे टक लावून बसली होती. जिज्ञासा दुसरी आली, ते तिला घरी आल्यावर कळलं.

असो. तर पोलीस आले. पोलीस म्हणजे सबइन्स्पेक्टर यशोधरा गायकवाड, जिज्ञासापेक्षा जेमतेम थोड्या मोठ्या, आणि त्यांच्यासोबत अंबरनाथ पश्चिमेचे भीमराव जाधव. भीमरावांची उभी नोकरी हत्यारं तपासण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते घरातल्या कुकरच्या शिट्ट्या तपासू लागले आणि बायको वैतागली. यशोधरामॅडम त्यांच्याच चाळीत लहानाच्या मोठ्या झालेल्या, म्हणून त्यांना काका म्हणायच्या. रिव्हॉल्व्हर पुढे प्रयोगशाळेत जाणारच होतं. पण म्हाताऱ्याला आज गाडीत घालायचं की नाही, एवढं मॅडमना ठरवायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी काकांना विनंती करून आणलं होतं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

बाळाने दोन खुर्च्या मांडल्या आणि स्वतः पडवीच्या खांबामागे उभा राहिला. खांब त्याच्या निम्म्याने होता.

"आजोबा, हे कुणाचं?" मॅडमनी विचारलं.

"माझा. माझ्या बाबांनी साहेबाच्या हातातून घेतला. खरा हाय. लायसन नाय."

"मॅडम, त्यांना नीट ऐकू येत नाय," बाळा खांबामागून म्हणाला.

"मना सगला ऐकू येतं. तू गप रे, प्लॅस्टिक."

भीमरावांनी चष्मा काढला, दुसरा लावला, खिशातून भिंग काढलं. झेंडूचं सुकलेलं फूल नळीतून उपसलं, वर्षानुवर्षांचं हळदकुंकू खरवडलं आणि आत काडी घातली. काडी थोडी आत गेली आणि अडली.

"पुढून बंद आहे," ते म्हणाले.

"म्हणजे खोटा ना?" बाळाचा अर्धा चेहरा खांबाबाहेर आला.

"घाई करू नका. खऱ्या नळीतही नंतर शिसं ओतून ती बुजवतात. बुजवलेली उघडताही येते. नळीवर माझा विश्वास नाही. माझा विश्वास छापावर. कुणी बनवलं, कशासाठी बनवलं, ते छापात असतं." त्यांनी नळी तिरकी धरली, मोबाइलची बॅटरी एका बाजूने मारली आणि बराच वेळ नुसतं हुं हुं केलं. मग म्हणाले, "वहिनी, तांदळाचं पीठ मिळेल चिमूटभर?"

वेणूने पीठ आणून दिलं. आपण काय कमी घासलंय, काही दिसायचं नाही, असं ती मनाला बजावत होती. भीमरावांनी पीठ नळीवर चोळलं आणि वरचं वर हळूच पुसलं. खळग्यांत राहिलेलं पीठ पांढरं पांढरं चमकायला लागलं. शेवटची दोन अक्षरं स्पष्ट होती. बाकी ठिपके.

"गंमत बघ यशो," भीमराव म्हणाले. "मूठ बघ, चाक बघ, सगळीकडे मूळचं पॉलिश आहे. घासलंय ते फक्त इथे. हाताळून झिजलेलं नाही हे. कुणीतरी मुद्दाम बसून..."

वेणूला एकदम चहाची आठवण झाली.

ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा पडवीत उत्सव चालू होता. भीमरावांनी शेवटची अक्षरं एन आणि के अशी वाचली होती, आधीच्या ठिपक्यांशी झटापट केली होती आणि निकाल लावला होता. "फ्रँक! साहेबाचं नाव. साहेब लोक हत्यारावर स्वतःचं नाव कोरून घ्यायचे."

"फ्रँकच!" शंकररावांनी मांडीवर थाप मारली. "बाबा सांगायचे ना! फ्रँकसाहेब! लय हरामी मानूस."

इतक्या वर्षांत हे नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. आता मात्र फ्रँकसाहेबाच्या मिशा, त्याचा कुत्रा आणि त्याला असलेली दारूची सवय, सगळं त्यांना आठवू लागलं.

"आजोबा, नेमकं काय झालं होतं ते सांगा," मॅडम म्हणाल्या.

असं कुणी स्वतःहून विचारलं, ही शंकररावांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. ते उठून उभे राहिले.

"बाबा गवताचा भारा घेऊन छावनीत चाललं होतं. मैदानात बघतात तर आठ-धा गोरे. हाफ चड्डीत. बाबांना बघला आन् सगले गुडघ्यावर! एक गुडघा जमिनीला, दोन्ही हात जमिनीला, मान खाली! आन् हा फ्रँक बाजूला उभा, हात वर, बोट घोड्यावर, इंग्रजीत बोंबलतोय. बाबांनी भारा टाकला, झडप घातली, हात पिरगाळला, हा घेतला आन् पलत सुटलं. आन् ते गोरे?" त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "एक पन जागचा हलला नाय!"

मॅडमनी डोकं हलवलं, पण त्यांचा चेहरा उतरला होता. "काका, फ्रँक नक्की? म्हणजे मग हे लष्करी अधिकाऱ्याचं हत्यार झालं. विनापरवाना."

"नव्वद टक्के," भीमराव म्हणाले. उभ्या नोकरीत त्यांनी शंभर टक्के कधी म्हटलं नव्हतं.

"मग माझ्यापुढे इलाज नाही. आजोबा, तुम्हाला ठाण्यात यावं लागेल."

"वेणू," शंकरराव खणखणीत आवाजात म्हणाले, "पिशवी."

वेणू पिशवी आणायला वळली. पिशवी तिनेच भरली होती आणि ती चांगली जड होती. ती उचलताना तिच्या डोळ्यांपुढे मामंजींचं पाऊल आलं, ज्याच्या करंगळीची जखम साखरेमुळे भरत नव्हती, आणि जिला ती रोज हळद लावायची. बनूबाईला दिलेला शब्द खरा, पण बनूबाईने नवरा कोठडीत धाडायला तर नव्हतं सांगितलं. वेणूने पिशवी खाली ठेवली.

"फ्रँक नाही ते," ती म्हणाली. "ब्लँक आहे."

"काय म्हणालात वहिनी?"

"ब्लँक. म्हणजे नुसता बार. मी लग्न होऊन आले तेव्हा अक्षरं दिसत होती. ते शर्यतीचं आहे, साहेब. धावायच्या. गोळी सुटत नाही त्यातून. माझ्या मुलीच्या शाळेत पण तसलंच होतं." ती भीमरावांकडे बघून बोलत होती, दुसरीकडे बघायची तिची छाती होत नव्हती. "आणि ते मुद्दाम बसून घासणारं कोण विचारत होतात ना, ती मी. आणि माझ्याआधी सासूबाई."

भीमरावांनी पुन्हा पीठ घेतलं, पुन्हा पुसलं, बॅटरी दुसऱ्या बाजूने मारली. दुसऱ्या अक्षराला खाली आडवा पाय निघाला, इंग्रजी एलसारखा. फ्रँकच्या कुठल्याच अक्षराला तसा पाय नव्हता. चाक फिरवून त्यांनी खाचा पाहिल्या, बोटाने चाचपल्या, आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"शंभर टक्के," ते म्हणाले.

बाळा खांबामागून पूर्ण बाहेर आला, कारण आता लपण्यासारखं काही राहिलं नव्हतं. भीमराव मात्र विचारात पडले होते. त्यांचे ओठ हलत होते.

"शंकरराव," ते म्हणाले, "ते गोरे एक गुडघा टेकून, हात जमिनीवर ठेवून, मान खाली घालून, हाफ चड्डीत..."

"व्हय."

"एका ओळीत होते का?"

"एका वलीत. बाबा सांगायचे, खडूची रेघ पन होती."

मॅडमनी तोंडाला हात लावला.

"मग बार झाल्याशिवाय ते हलतील कसे!" भीमराव ओरडले, आणि त्यांना पुढे बोलवेना. ते खुर्चीत मागे पडून हसायला लागले. मॅडम वर्दीतल्या माणसाने हसू नये म्हणून उठून ट्रॅक्टरकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पण त्यांचे खांदे हलत होते. बाळा तर खाली बसून भुई थोपटत होता. वेणू हसली नाही. तिने अखेर मामंजींकडे पाहिलं. ते उभेच होते, तोंड किंचित उघडं, तुरुंगात जायला केलेला भांग तसाच. हे सगळं आपण केलं, असं वाटून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मॅडमच्याही ते ध्यानात आलं असावं. त्या हसू आवरून परत आल्या आणि त्यांनी म्हाताऱ्याच्या हाताला धरून त्यांना खाली बसवलं.

"आजोबा, माफ करा. पण एक सांगू? गोळी नाही हे आपल्याला आत्ता कळलं. तुमच्या वडिलांना कुठे माहीत होतं? त्यांनी बघितलं की एक साहेब हत्यार घेऊन ओरडतोय आणि त्याच्यापुढे माणसं गुडघ्यावर बसलीत. आणि ते पुढे धावले. मी ट्रेनिंग घेतलंय, तरी मी धावले असते का, सांगता येत नाही."

शंकररावांनी मान हलवली, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मॅडमनी रिव्हॉल्व्हर पुराव्याच्या पिशवीत बंद केलं, प्रयोगशाळेतून परत आलं की स्वतः आणून देईन म्हणाल्या, आणि पुढच्या दसऱ्याला फोटो फक्त ट्रॅक्टरचा टाका असं बजावलं. भीमराव चहा पिऊन, बशी उलटी करून तिचा छाप वाचून, मग निघाले. बाळा त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेला; खाकीबरोबर आपल्या पायाने चाललेला तो पहिल्यांदाच दिसला.

पडवीत दोघंच उरली. वेणू कपबश्या गोळा करायला लागली.

"वेणू," शंकरराव म्हणाले. "बनूला कधीपासना ठावं होता?"

"बाळाच्या वेळेला दिवस होते त्यांना, तेव्हापासून. मास्तरांनी सांगितलं."

ते बराच वेळ बोटं मोजत बसले आणि मग मोजायचं सोडून दिलं.

"म्हंजे सगल्या वेलेला ती समोर बसून आयकत होती. येका शब्दानं बोलली नाय. हसली पन नाय?"

खोटं बोलावं असं वेणूला क्षणभर वाटलं. पण खोटं बोलून बोलून ती दमली होती.

"समोर नाही हसल्या कधी," ती म्हणाली. "पण तुम्ही गोऱ्यांच्या गुडघ्यांपाशी आलात की त्या उठून मागल्या दारी जायच्या, पदर तोंडात कोंबून हसायच्या, डोळे पुसायच्या आणि परत येऊन बसायच्या. दर वेळेला."

शंकररावांनी वर बघितलं.

"डोले पुसत यायची, ते मी बघायचो," ते म्हणाले. "मना वाटायचा, बाबांच्या आठवनीनं रडून आली. म्हनून ती परत येऊन बसंपर्यंत मी थांबायचो, मंग फुडं सांगायचो."

मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि बघता बघता म्हातारा असा काही हसत सुटला की वेणूला धावत जाऊन पाणी आणावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, आणि ते हसून आलेलं पाणी होतं की दुसरं, हे तिने विचारलं नाही.